लंबगोल चेंडू आणि दिव्याची दोरी

निवृत्तीनंतरचे अनुभव लिहायचे तर माणूस निदान साठीला टेकलेला असावा, केस पांढरे असावेत आणि वाचून दाखवायला नातवंडं असावीत, असा आपल्याकडे संकेत आहे. माझ्याजवळ यातलं काहीच नाही. मी सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झालो. इथे जपानात, तोक्योजवळच्या उरायासुला, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ‘हल्ली काय करतोस?’ म्हणून विचारलं आणि मी ‘रिटायर झालो’ म्हटलं, की काकूमंडळी आधी माझ्याकडे बघतात आणि मग जास्त सहानुभूतीने आईकडे बघतात.

मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचो. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. पुण्यात जन्मलेला आणि जपानमध्ये वाढलेला मुलगा मेलबर्नमध्ये जाऊन हे करत होता, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे रग्बी का?’ नाही. दुसरा येतो, ‘मग सॉकर?’ तेही नाही. तिसरा प्रश्न फक्त पुण्यातली आत्या विचारते. ‘त्यात पेन्शन असतं का रे?’ तेही नाही.

खेळ थोडक्यात सांगतो, कारण न सांगता पुढचं कळायचं नाही. क्रिकेटचं मैदान घ्या, खेळपट्टी विसरा आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे करा. प्रत्येक बाजूला अठरा माणसं. चेंडू लंबगोल, पिकत आलेल्या पपईएवढा. तो लाथेने उडवायचा किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायची परवानगी नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने पार गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर उत्तेजनार्थ एक. लांबून हवेतून आलेला चेंडू जमिनीला लागू न देता झेलला, तर झेलणाऱ्याला निवांतपणे पुढची लाथ मारता येते, कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. त्या एका निवांत लाथेसाठी सहा-साडेसहा फुटी गडी एकमेकांच्या पाठीवर गुडघे रोवून वर चढतात. कबड्डीचं दहीहंडीशी लग्न लावून दिलं तर जो संसार होईल, तो हा खेळ. अंगात बिनबाह्यांचा बनियन, आणि डोक्यावर केसांशिवाय काही नाही.

माझं काम त्या हंडीच्या तळाशी. वर चढलेल्यांच्या हातून चेंडू निसटतो, कुणाच्या तरी खांद्यावर आपटतो आणि खाली पडतो. तो नेमका कुठे पडेल आणि पडल्यावर कुठल्या बाजूला उडेल, हे आधी ओळखून तिथे हजर राहायचं, उचलायचा आणि पळत सुटायचं. मी तिथल्या मानाने बुटका, त्यामुळे दुसरं काही जमण्यासारखंही नव्हतं. बाबा या कामाला ‘पगारी उष्टं वेचणं’ म्हणायचे. निनाद हे नाव तिथे कुणाला पेलेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझा ‘निंजा’ झाला आणि शेवटपर्यंत तोच राहिला.

पण या पेशात मी सगळ्यात जास्त काय केलं, असं प्रामाणिकपणे विचाराल, तर घाबरलो. मैदानावर नव्हे. मैदानावर घाबरायला वेळच नसतो. घरी, सोफ्यावर, फोनकडे बघत.

लंबगोल चेंडूची उसळी ओळखण्याची विद्या मला भूकंपाने दिली. २०११च्या त्या मार्चमध्ये मी शाळकरी होतो. आम्ही राहायचो तो भाग समुद्रात भर घालून केलेला. हादरे थांबल्यावर जमिनीतून पाणी आणि करडी वाळू वर आली. रस्त्यातली मॅनहोलं कंबरेइतकी वर येऊन उभी राहिली, विजेचे खांब कलले, आणि समोरचं सपाट पार्क वाळत घातलेल्या गोधडीसारखं वरखाली झालं. आमच्या बिल्डिंगमधली बहुतेक भारतीय कुटुंबं मिळेल त्या विमानाने गेली. माझी बास्केटबॉलची अख्खी टीम गेली. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं होतं. आत्ता गेलो तर पुन्हा बोलावणार नाहीत, या भीतीने आम्ही राहिलो. लोकांनी आम्हाला धीराचे म्हटलं. आम्ही बाबांच्या कंपनीला भूकंपापेक्षा जास्त भीत होतो, एवढंच.

आणखी एक माणूस राहिला होता. तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे क्रेग सर. ते आमच्याच स्टेशनजवळ राहायचे आणि एकटे होते. एका दुपारी मी पाण्याच्या रांगेतून रिकामा कॅन घेऊन परतत होतो, तर ते त्या गोधडी झालेल्या पार्कमध्ये एकटेच पपईसारखा चेंडू उडवत होते. मला बघून त्यांनी तो माझ्याकडे मारला. चेंडू माझ्यापुढे एका उंचवट्यावर पडला आणि उजवीकडे उडायचा तो डावीकडे उडाला. मी कॅन टाकून धावलो. त्यानंतर पार्क दुरुस्त होईपर्यंत आम्ही रोज तिथे होतो. पुढे मेलबर्नमधल्या मुलांना बघितलं तेव्हा कळलं, की ती सगळी गालिच्यासारख्या हिरवळीवर शिकलेली. त्यांच्यासाठी वेडा फक्त चेंडू होता. माझ्यासाठी चेंडूही वेडा होता आणि जमीनही. क्रेग सरांनी माझे व्हिडिओ ओळखीच्यांना पाठवले, एका क्लबने चाचणीला बोलावलं, आणि बारावीनंतर इंजिनीअरिंगला जायच्या ऐवजी मी उष्टं वेचायला गेलो. आई आठवडाभर बोलली नाही. मग एकदम म्हणाली, ‘डोक्याला लागत नाही ना रे यात?’ मी म्हटलं, ‘दाइजोबु.’ म्हणजे काही नाही, ठीक आहे. जपानमध्ये वाढलेली मुलं आईबापांना उत्तर द्यायचं नसलं की हे उत्तर देतात.

भूकंपाने घराला आणखी एक सवय लावली, ती इथे सांगून ठेवतो. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीत छताला गोल दिवा आहे आणि तो लावायला-विझवायला खाली लोंबणारी दोरी आहे. जमीन हलल्यासारखी वाटली की जपानमध्ये माणूस आधी वर बघतो. दोरी हलत असेल तर भूकंप. हलत नसेल तर भास. मोठ्या भूकंपानंतर कित्येक महिने आईला सारखं हलल्यासारखं व्हायचं. स्वयंपाक करताना मध्येच ओटा धरून उभी राहायची. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे पुष्कळांना होतंय, भूकंपाने डोकं गरगरणं असं त्याला नावच पडलंय. आई म्हणाली, ‘म्हणजे गाडी लागते तसा मला भूकंप लागला.’ तेव्हापासून आमच्याकडे कुणाला भूकंप लागला तर कुणी काळजी करत नाही. वर बघायचं, दोरी स्थिर असली तर कामाला लागायचं. दिवाळीत आई त्या दोरीच्या टोकाला आकाशकंदील बांधते, कारण गॅलरीत बाहेर काही टांगायचं नाही असा बिल्डिंगचा नियम आहे. कंदिलाच्या कागदी झिरमिळ्या दोरीपेक्षाही हलक्या. बाबा म्हणायचे, ‘दिवाळीत आपलं यंत्र जास्त अचूक चालतं.’

आता फोनबद्दल. तिकडचा मोसम आपल्या भाद्रपदाच्या सुमारास संपतो. मग क्लबात खेळाडूंची यादी बसवतात: कुणाला ठेवायचं, कुणाला मोकळं करायचं. माझ्यासारख्या काठावरच्या माणसाचा करार एकेका वर्षाचा. यादी ठरायची ती बरोबर दिवाळीच्या मागेपुढे. मी तेव्हा सुटीवर उरायासुला आलेला असायचो. म्हणजे लोकांच्या घरी चकल्यांचा घाणा निघायचा, तेव्हा आमच्या घरी तो निघायचाच, पण सगळ्यांचा एक कान माझ्या फोनकडे असायचा. आमच्या क्लबात हा फोन करणारा माणूस डॅरन. ठेवणार असेल तर तो आधी हवापाण्याचं बोलायचा. काढणार असेल तर आधी ‘बसला आहेस का?’ असं विचारायचा. हे सगळ्या खेळाडूंना माहीत होतं. एके वर्षी मला डॅरनचा फोन स्टेशनवर आला, त्याने तोक्योत पाऊस आहे का विचारलं, आणि मी प्लॅटफॉर्मवर ‘आहे, आहे, भरपूर आहे!’ असं ओरडलो. आकाश स्वच्छ होतं. शेजारच्या आजोबांनी छत्री उघडायला घेतली.

टॉबीची गोष्ट याच वाटेवर लागते. टॉबी म्हणजे आमच्या टीममधला सगळ्यात उंच गडी, पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू वर उडवतो तेव्हा तो झेपावून आपल्या बाजूला ढकलणारा. त्याच्या हातून सांडलेलं मी वेचायचो, त्यामुळे आमची जोडी. एका वर्षी मी त्याला दिवाळीला घरी घेऊन आलो. आमच्या दारातून आत यायला तो वाकला, बाथरूममध्ये शिरताना वाकला, आणि झोपताना त्याचे पाय स्वयंपाकघरात आले. आई खूश. तिला एवढं खाणारा माणूस कधी मिळाला नव्हता. ‘ईट, ईट,’ ती म्हणायची, आणि तो इमानाने खायचा.

एकदा आम्ही चौघं दुपारी जेवायला बसलो होतो आणि जमीन हलली. बेताचाच हादरा होता. बाबांनी, आईने आणि मी एकाच वेळी वर बघितलं. कंदिलाच्या झिरमिळ्या हलत होत्या. बाबा म्हणाले, ‘तीन असेल.’ आई म्हणाली, ‘आमटी वाढू का कुणाला?’ आणि आमच्या लक्षात आलं की टॉबी खुर्चीवर नाही. तो टेबलाखाली होता. अर्धा. उरलेला अर्धा मावत नव्हता. ज्याच्या पाठीवर दर शनिवारी चार माणसं चढायची तो माणूस माझ्या आईची पिशवी डोक्यावर धरून बसला होता. ‘तुम्ही लोक जेवताय कसे?’ असं तो खालून ओरडला. मी त्याला यंत्र समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर तो पुढचे सगळे दिवस घास घेताना एक डोळा कंदिलावर ठेवून जेवायचा.

दोन दिवसांनी तो आईजवळ बसून शेवेच्या सोऱ्याचा दांडा फिरवत होता. फोन वाजला. त्याने पिठाच्या हातानेच उचलला. पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, फक्त टॉबीचं उत्तर ऐकू आलं. ‘हो, बसलोय.’

बोलणं एवढंसं झालं. त्याने फोन ठेवला आणि पुन्हा दांडा फिरवायला लागला. शेव कढईत कशीही पडत होती. आईला इंग्रजी बेताचं, पण तिला कळलं. तिने गॅस बंद केला, त्याच्या हातातून सोऱ्या काढून घेतला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ एवढी मोठी की तिचा हात मध्येच कुठेतरी राहिला. टॉबी मला म्हणाला, ‘निंजा, मला दुसरं काहीच येत नाही रे.’ त्याला तेव्हा एक लहान मुलगी होती. हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलं आहे की आता ते त्याचं राहिलेलं नाही, माझंच झालंय.

त्या दिवसापासून माझ्या मनात भीतीने घर केलं. त्याआधी ती पाहुणी होती, दिवाळीला यायची आणि दिवाळीनंतर जायची. आता बारा महिने मुक्कामाला आली. सराव चालू असताना मी प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघायचो. गुडघा दुखला तर लपवायचो. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे: कुणीही ‘शरीर कसं आहे?’ म्हणून विचारलं तर उत्तर एकच, ‘मस्त.’ डॉक्टरला मस्त, डॅरनला मस्त, आईला दाइजोबु. सगळे तेच सांगतात आणि विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं.

आता शेवटचं वर्ष. शेवटून दुसऱ्या सामन्यात मी खाली सांडलेला चेंडू उचलत होतो आणि कुणाचा तरी गुडघा कानामागे लागला. मैदानावर पाणी आणि पट्ट्या घेऊन पळणारे लोक असतात, ते आले, डॉक्टर आले, मला आत नेलं. कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कुणी मारला, मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो, हे विचारलं. मी सगळं बरोबर सांगितलं. तरीही नियमाप्रमाणे त्यांनी मला पुन्हा खेळू दिलं नाही आणि शेवटच्या सामन्यालाही बसवून ठेवलं. आठवड्याभरात डोकं दुखायचं थांबलं, तपासण्या नीट आल्या. कुणी काही चुकीचं केलं नाही. मी उरायासुला आलो.

घरी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, दूध घ्यायला गेलो होतो आणि जमीन हलली. मी फडताळ धरलं. काउंटरवरची मुलगी शांतपणे पैसे मोजत होती. मला वाटलं, हिला सवय आहे. मेलबर्नला जमीन हलत नाही, मी विसरलो असेन. तिसऱ्या दिवशी गाडीत हललं. मग कचरा वेगळा करताना हललं, जळणारा एकीकडे, बाटल्या एकीकडे, आणि मी त्या बाटल्यांच्या पेटीवर हात टेकून उभा. मी हसलोसुद्धा. म्हटलं, आईसारखा मलाही भूकंप लागला. फोनवर भूकंपाची सूचना येते ती आली नव्हती, पण लहानसहान हादऱ्यांची येतही नाही. मला यात काही संशय आला नाही, हे आज कुणाला खरं वाटत नाही. पण मी ज्या घरात वाढलो तिथे जग हललं तर दोष जमिनीचा असतो. स्वतःचं डोकं हलत असेल, हे मला सुचलंच नाही. ज्या मुलाला जमिनीने कधी फसवलं नसेल, त्याला ते पहिल्या दिवशी सुचलं असतं.

डॅरनचा फोन शुक्रवारी दुपारी यायचा होता. आई टेबलाशी बेसनाचे लाडू वळत होती. मी समोर बसून बेदाणे लावत होतो.  बाबा आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होते. फोन आमच्या दोघांच्या मध्ये, ताटाच्या शेजारी ठेवलेला. तेवढ्यात हललं. या वेळी जास्त. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

‘आई, मोठा आहे.’

आईने सवयीने वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वर.

‘नाही रे,’ ती म्हणाली.

‘हलतंय गं! टेबल धर.’

‘निनाद. वर बघ.’

मी वर बघितलं. कंदील दोरीला टांगलेला होता. लाल आणि पिवळ्या झिरमिळ्या. एकही हलत नव्हती. आणि माझ्या डोळ्यांपुढे भिंत, आई, लाडवांचं ताट, सगळं उजवीकडे सरकत होतं.

‘किती दिवस होतंय?’ आईने विचारलं. तिच्या हातातला लाडू तसाच होता, अर्धा वळलेला.

मी म्हणालो, ‘दाइजो...’ आणि ती ओरडली. माझ्या आयुष्यात आई माझ्यावर मोठ्याने ओरडल्याचं मला ते एवढंच आठवतं. ‘मराठीत सांग!’

मी सांगितलं. कोंबिनी, गाडी, बाटल्या. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला.

‘डॉक्टरकडे जायचंच आहे,’ ते म्हणाले. ‘उद्या जाऊ. पण फोन आज आहे. आधी वर्षाचं पक्कं होऊ दे. मग त्यांचेच डॉक्टर बघतील, खर्च त्यांचा, सगळं त्यांचं. आज बोललास तर ते म्हणतील, नकोच.’

‘अहो, त्याचं डोकं आहे ते,’ आई म्हणाली.

‘मला कळत नाही का? मी इथे पंधरा वर्षं दर वर्षी सही मागत फिरलोय. पाठ धरली होती माझी, तेव्हा मी ऑफिसात सांगितलं होतं? सांगितलं असतं तर आपण इथे असतो?’

‘तुमची पाठ होती. हा पुढच्या वर्षी पुन्हा त्या लोकांच्या गुडघ्यांखाली जाऊन बसणार आहे.’

 बाबांवर मी तेव्हाही रागावलो नाही. त्यांना माझं डोकं प्यारं नव्हतं असं नाही; पण एका वर्षाच्या करारावर ज्याने घर चालवलंय, त्याला आधी सही दिसते. मलाही आधी सहीच दिसत होती. मला टॉबी दिसत होता, हातात सोऱ्या घेऊन. मला दुसरं काय येत होतं?

फोन वाजला.

मी तो लाडवांच्या ताटाला टेकवून स्पीकरवर ठेवला, दोघांनाही ऐकू यावं म्हणून. डॅरन म्हणाला, ‘निंजा! तिकडे थंडी पडली का?’

हवापाणी. आईला तेवढं इंग्रजी येतं. तिने डोळे मिटले.

‘पडतेय हळूहळू,’ मी म्हणालो.

तो बोलत राहिला. आणखी एक वर्ष. नव्या प्रशिक्षकाला मी आवडतो. त्याला जमिनीवरचा चेंडू वाचणारा माणूस हवाय. कदाचित पहिल्या सामन्यापासून. इतकी वर्षं जे ऐकायला मी आसुसलो होतो ते सगळं तो एकाच दमात बोलला, आणि शेवटी, नेहमी विचारतात तसं, कागद गोळा करता करता विचारलं, ‘आणि शरीर कसं आहे?’

बाबा जमिनीकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती वर बघत होती. मीही वर बघितलं. झिरमिळ्या स्थिर.

‘डॅरन,’ मी म्हणालो, ‘इथे जमीन हलतेय असं मला वाटतंय. आणि ती हलत नाहीये.’

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो अगदी हळू म्हणाला, ‘बसला आहेस का?’ या वेळी त्याने ते खरोखरच विचारलं होतं, मी पडेन म्हणून. मी हो म्हटलं. ‘बसूनच राहा. एकटा बाहेर जाऊ नकोस. मी डॉक्टरांशी बोलून पुन्हा फोन करतो.’

पुढचं लिहिण्यासारखं फारसं नाही. इथले डॉक्टर झाले, मेलबर्नचे झाले. कानामागे, आत, समतोल राखणाऱ्या यंत्रणेला मार बसला होता, आणि तिकडच्या तज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं की असाच आणखी एक गुडघा लागला तर मी पुढचं आयुष्य भिंत धरून चालेन. क्लब सभ्यपणे वागला. डॅरन शेवटचा फोन करायच्या ऐवजी स्वतः मला भेटायला आला, आणि भेटीच्या शेवटी रडलाही तोच. टॉबीने लांबलचक फोन केला. तो आता एका शाळेत मुलांना पोहायला शिकवतो. त्याला पोहता येत होतं हे त्याला तेव्हा आठवलं नव्हतं, एवढंच. मी रविवारी नदीकाठच्या मैदानावर जपानी आणि भारतीय मुलांना लंबगोल चेंडू शिकवतो आणि एरवी कोतोमधल्या माझ्याच शाळेत खेळाचा शिक्षक आहे. चेंडू अजून वाचता येतो. धावताना कधी कधी मैदान सरकतं, तेव्हा थांबतो. वाईट वाटतं का? वाटतं. पहिल्या सामन्यापासून, असं डॅरन म्हणाला होता. दर वर्षी तिकडे मोसम सुरू होतो त्या दिवशी मी टीव्ही लावत नाही.

पण त्या शुक्रवारचं थोडं राहिलं.

फोन बंद झाला. बाबा येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी ताटातला एक लाडू उचलला, बघितला आणि पुन्हा ठेवला. ‘मी चुकीचं बोललो,’ असं काहीतरी ते पुटपुटले. मी म्हणालो, ‘नाही बाबा, मीही तेच म्हणणार होतो.’ आईने हातातला अर्धा लाडू एकदाचा पुरा वळला. त्यावर बेदाणा लावायचं माझं काम होतं. मी बेदाणा उचलला आणि हललं.

मी लगेच टेबल नाही धरलं. तळहात मांडीवर दाबून बसून राहिलो. म्हटलं, झालं, आता हे आयुष्यभर असंच. कपाटातल्या काचा वाजल्यासारख्या वाटल्या, तर म्हटलं, आता कानही गेले. वर बघायची हिंमत होईना.

‘निनाद,’ आई म्हणाली.  ‘वर बघ रे.’

‘नको.’

‘बघ तर.’

मी बघितलं. कंदील डोलत होता. झिरमिळ्या एका बाजूला जाऊन परत येत होत्या, दोरी दिव्याला घासून टक टक करत होती, आणि कपाटातले चहाचे कप एकमेकांवर खरोखर वाजत होते.

‘खरा आहे,’ बाबा म्हणाले. ‘हा खरा आहे!’ आणि नेहमीप्रमाणे उठून गॅस बंद करायला गेले नाहीत, टेबलावरचा माझा हात धरून बसले. आईने दुसरा धरला, बेसन लागलेल्या हाताने. भूकंप झाल्यावर दार उघडून ठेवायचं असतं, गॅस बघायचा असतो, मोठ्या वस्तूंपासून लांब व्हायचं असतं. हे सगळं इथे लहान मुलांनाही येतं. आमच्यापैकी कुणीही उठलं नाही. आम्ही तिघं माना वर करून त्या कंदिलाकडे बघत बसलो, आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं.